शनीच्या माथ्यावरचा आकाशकंदील

आकाशकंदील बाजारातून आणायचा की घरी करायचा, या प्रश्नावर आमच्या घरी दर दिवाळीला परिषद भरते. ठराव दर वर्षी तोच होतो : कंदील घरी करायचा, आणि तो मी करायचा. यंदा मात्र मला एक मदतनीस लाभला. आमचा नातू निनाद आता अकरा वर्षांचा झाला आहे. कामट्या तासायच्या, दोऱ्याने बांधायच्या, खळ शिजवायची आणि निम्मी स्वतःच्या अंगाला फासून घ्यायची, ही सारी कामे त्याने मोठ्या आनंदाने पत्करली.

षटकोनाच्या कामट्या बांधता बांधता माझ्यातला गुरुजी जागा झाला. (या सदराच्या वाचकांना माझी ही व्याधी चांगलीच परिचयाची आहे.) मी म्हणालो, "निनाद, एक लक्षात ठेव. निसर्गाला पट्टी ठाऊक नाही. नदी वाकडी, फांदी वाकडी, ढग तर विचारूच नकोस. सरळ रेघ दिसली की खुशाल समजावं, इथं कुणाचा तरी हात लागला आहे."

वाक्य मला स्वतःलाच आवडले. पण अशी वाक्ये फार टिकत नाहीत. दुसऱ्याच दिवशी सकाळी, मी चहाचा पहिला घोट घेतो न घेतो तोच, निनाद आईचा मोबाईल घेऊन समोर उभा!

"आजोबा, हा शनी. उत्तर ध्रुवावरून असा दिसतो."

मी चष्मा लावला. शनीच्या माथ्यावर, अगदी मध्यावर, एक षटकोन होता. सहा बाजू, सहा कोपरे. आदल्या दिवशी आम्ही बांधलेला सांगाडाच कोणी तिकडे नेऊन ठेवला असावा, असा! आणि मोबाईलमधला कोणी गृहस्थ घोगऱ्या आवाजात सांगत होता की, हे परग्रहावरच्या बुद्धिमान प्राण्यांचे बांधकाम आहे.

"तुम्हीच म्हणालात ना," निनाद म्हणाला, "सरळ रेघ असली की कुणाचा तरी हात असतो?"

आतून सौ.चा आवाज आला, "अहो, ऐन दिवाळीत त्या शनीचं नाव कशाला काढताय?"

वाचकहो, मी आधी सुटकेचा प्रयत्न केला, हे कबूल करतो. मधमाश्यांचे पोळे षट्कोनी असते, मिठाचे खडे चौकोनी असतात, असे काहीबाही सांगितले. त्यावर पोर म्हणाले, "पण मीठ घट्ट असतं. हे तर ढग आहेत. ढगाला कोपरे कसे?" प्रश्न बिनतोड होता. त्या घोगऱ्या गृहस्थाकडे उत्तर होते आणि माझ्याकडे नव्हते. मुलाने कोणाचे ऐकायचे? मी चहा तसाच ठेवला आणि अभ्यासाला बसलो. चार दिवसांत जे समजले ते आज आपल्यापुढे मांडतो.

प्रथम ही गोष्ट खरी आहे, हे सांगितले पाहिजे. १९८० आणि १९८१ साली व्हॉयेजर नावाची दोन अमेरिकन याने शनीजवळून गेली. त्यांनी काढलेली चित्रे ध्रुवाच्या बरोबर माथ्यावरून काढलेली नव्हती. ती तिरपी होती, तुकड्यातुकड्यांची होती. डेव्हिड गॉडफ्री या शास्त्रज्ञाने ते तुकडे जोडून, ध्रुवावर उभे राहून खाली पाहिले तर कसे दिसेल याचा नकाशा तयार केला, तेव्हा हा षटकोन पुढे आला. त्याचा लेख १९८८ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे सात वर्षे हे आश्चर्य दप्तरातच पडून होते!

पुढे २००४ साली कॅसिनी हे यान शनीपाशी पोहोचले. पण त्या वेळी शनीच्या उत्तर ध्रुवावर हिवाळ्याची लांबलचक रात्र होती. शनीला सूर्याभोवती एक फेरी मारायला सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात. तेव्हा तिथला एकेक ऋतू सात वर्षांहून अधिक चालतो. (आपल्या साडेसातीचा हिशेबही याच फेरीतून निघतो. साडेएकोणतीस वर्षांत बारा राशी, म्हणजे एका राशीत सुमारे अडीच वर्षे. तीन राशींची साडेसात. ही माहिती मी सौ.ला सांगितली. तिने ती विशेष उत्साहाने घेतली नाही.) अंधारात साधा कॅमेरा काय करणार? पण शनीच्या पोटातून उष्णता बाहेर येत असते. २००६ साली ती उष्णता टिपणाऱ्या उपकरणाने पाहिले, तेव्हा त्या उजेडावर ढगांच्या काळ्या आकृत्या उमटल्या. पंचवीस वर्षे लोटली होती, आणि षटकोन जागच्या जागी होता. २००९ साली ध्रुवावर ऊन आले आणि मग त्याची लख्ख चित्रे मिळाली.

आता त्याचे माप ऐका. त्याची एकेक बाजू सुमारे १४,५०० किलोमीटर आहे. आपल्या पृथ्वीचा व्यास १२,७४२ किलोमीटर. म्हणजे एका बाजूला अख्खी पृथ्वी टेकवून ठेवली, तरी दोन्ही टोकांना जागा उरेल. मधोमध, ध्रुवावर, एक भोवरा फिरतो आहे. त्याचा नुसता डोळाच दोन हजार किलोमीटर रुंद आहे.

मग हे बांधकाम आहे तरी कशाचे? बांधकामच नाही. तो वारा आहे. शनीवर सुमारे ७८ अंश उत्तर अक्षांशावर, ध्रुवाला प्रदक्षिणा घालीत, पश्चिमेकडून पूर्वेकडे एक वेगवान झोत वाहतो. त्याचा वेग ताशी सुमारे ३२० किलोमीटर. षटकोनाची बाजू म्हणजे त्या झोताची वाट. असे झोत आपल्या पृथ्वीवरही आहेत. विमाने उडतात त्या उंचीवर ते वाहतात, आणि उत्तर गोलार्धातला मोठा झोत असाच ध्रुवाभोवती नागमोडी फिरतो.

हा झोत नागमोडी का फिरतो, याचे कोडे कार्ल-गुस्ताफ रॉसबी या स्वीडनमध्ये जन्मलेल्या हवामानशास्त्रज्ञाने १९३९ साली उलगडले. त्याची युक्ती मी निनादला जमाखर्चाच्या भाषेत सांगितली. समजा, हवेच्या प्रत्येक पुंजक्याजवळ गिरकीचे एक खाते आहे. त्यात दोन रकमा. एक गिरकी त्याची स्वतःची, आणि दुसरी ग्रह फिरतो म्हणून मिळालेली. ग्रहाची गिरकी ध्रुवापाशी सर्वांत अधिक, विषुववृत्तावर शून्य. खात्यातली एकूण शिल्लक मात्र बदलायची नाही! आता हवा थोडी ध्रुवाकडे सरकली, की ग्रहाकडून मिळणारी रक्कम वाढते. मग एकूण तेवढीच राहण्यासाठी तिची स्वतःची गिरकी घटते, ती उलट बाजूला वळते आणि ध्रुवापासून दूर येऊ लागते. वेगाच्या भरात ती मूळ वाट ओलांडून पलीकडे जाते. तिथे ग्रहाची रक्कम कमी पडते, स्वतःची गिरकी वाढते आणि ती पुन्हा ध्रुवाकडे वळते. झोपाळा जसा मधे थांबत नाही, तसेच हे. आत, बाहेर, आत, बाहेर करीत झोत पुढे जातो आणि त्याची लाट होते.

"मग ती लाट वाऱ्याबरोबर वाहून का जात नाही?" निनादने विचारले.

ओढ्यात बुडालेल्या दगडामागे पाण्याचा उंचवटा उठतो. पाणी सारखे पुढे पळत असते, उंचवटा मात्र तिथेच. कारण ती लाट प्रवाहाच्या उलट जाऊ पाहते आणि प्रवाह तिला तेवढ्याच वेगाने पुढे ढकलतो. रॉसबीच्या लाटांचा स्वभाव असाच, उलट म्हणजे पश्चिमेकडे जाण्याचा. शनीवरचा झोत पूर्वेकडे पळतो. दोघांची जवळजवळ बरोबरी होते, आणि म्हणून षटकोन ग्रहाबरोबर सुमारे दहा तास एकोणचाळीस मिनिटांत एक फेरी घेतो, जणू शनीच्या अंगाला चिकटवलेलाच! त्याच्यातून वारा मात्र सतत वाहत असतो. मी हिशेब करून पाहिला. सहा बाजूंची बेरीज ८७,००० किलोमीटर. ताशी ३२० च्या वेगाने हवेच्या एका पुंजक्याला ही प्रदक्षिणा पुरी करायला अकरा दिवसांहून थोडे अधिक लागतील.

राहता राहिला सहाचा आकडा. वाट गोल आहे, म्हणजे जिथून निघालो तिथेच परत यायचे. ताटाभोवती महिरप काढताना शेवटची पाकळी पहिल्या पाकळीला नेमकी मिळावी लागते. साडेपाच पाकळ्या काढल्या तर जोड उघडा पडतो. तसेच लाटांचे. पाच बसतील, सहा बसतील, सात बसतील, साडेसहा नाही. पूर्ण आकड्यांपैकी कोणता वाढीला लागायचा, हे झोताची रुंदी, त्याचा वेग आणि ग्रहाची गिरकी यांवर ठरते.

ही नुसती कागदावरची गोष्ट नाही. २०१० साली ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी पाण्याने भरलेले एक गोल पात्र फिरत्या मंचावर ठेवले, आणि त्यातले एक कडे जरा वेगळ्या गतीने फिरवले. पाण्यात झोत निर्माण झाला. रंग सोडून पाहतात, तो काय! झोताने गोलाकार टाकून कोपरे धरले. गती बदलली की कोपऱ्यांची संख्या बदले; कधी त्रिकोण, कधी चौकोन, कधी षटकोन. कडे आणि पात्र यांच्या गतीतला फरक वाढवला की बाजू कमी होत. पात्र गोल, कडे गोल, पाणी तर पाणीच. त्यात कोपरा कोणीही ठेवलेला नव्हता.

आपल्या पृथ्वीवरचा झोत मग असा नीटनेटका का नाही? त्याच्या वाटेत डोंगर येतात, जमीन संपून समुद्र लागतो, समुद्र संपून जमीन लागते. लाटा होतात, पण दर आठवड्याला मोडतात. शनीला जमीनच नाही. बहुतेक सारा हायड्रोजन आणि हेलियम. वाटेत अडवणारे कोणी नाही.

एवढे झाले तरी माझ्या मनात एक शंका होतीच. लाट म्हणजे वळण. वळणातून सरळ बाजू कशी निघेल? मी वही घेऊन गणित मांडले, आणि उत्तर पाहून स्वतःच चकित झालो. आपणही घरी करून पाहा. आम्ही ते रांगोळीत केले. ३० सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ फिकट काढा. त्यावर सारख्या अंतरावर बारा खुणा करा. एक खूण वर्तुळाच्या आठ मिलिमीटर बाहेर, पुढची आठ मिलिमीटर आत, अशा आळीपाळीने. आता या बारा खुणांवरून हात न उचलता गोलाईने रेघ फिरवा. पट्टी घ्यायची नाही. पाहता पाहता अंगणात षटकोन उमटतो! त्रिज्येच्या शंभर भागांपैकी जेमतेम तीन भाग आत आणि तीन भाग बाहेर, एवढ्या हेलकाव्याने वर्तुळाचा फुगवटा सहा ठिकाणी मावळतो आणि बाजू सरळ दिसू लागतात. सौ.चा हात रांगोळीत बसलेला. तिने रेघ फिरवली, दोन पावले मागे सरून पाहिले आणि म्हणाली, "अगोबाई, खरंच की!" शनीचे नाव त्या दिवसापासून आमच्या घरात थोडे सुसह्य झाले आहे.

शनीचा थोरला भाऊ गुरू. त्याची तऱ्हा आणखी निराळी. जुनो हे यान २०१६ सालच्या जुलैत गुरूपाशी पोहोचले आणि त्याने गुरूचे ध्रुव पाहिले. तिथे षटकोनी झोत नाही. तिथे वादळांची पंगत बसली आहे. उत्तर ध्रुवावर मधे एक चक्रीवादळ आणि त्याच्याभोवती आठ. दक्षिण ध्रुवावर मधे एक आणि भोवती पाच. एकेकाचा व्यास चार ते सात हजार किलोमीटर. आणि ही वादळे एकमेकांना गिळत नाहीत. मांडून ठेवल्यासारखी आपापल्या पाटावर बसून राहतात.

याचा मासला घंगाळात पाहता येतो, आणि ही युक्ती दीडशे वर्षांची जुनी आहे. अमेरिकेत आल्फ्रेड मेयर याने १८७८ साली लोहचुंबकावर घासलेल्या सुया बुचाच्या तुकड्यांत उभ्या खोचून पाण्यावर तरंगवल्या आणि वर एक लोहचुंबक धरला. सुया एकमेकींना दूर लोटतात. वरचा लोहचुंबक सगळ्यांना मध्याकडे ओढतो. या ओढाताणीत त्या आपोआप आकृती धरतात. लॉर्ड केल्विनने हे वाचले आणि भोवऱ्यांच्या मांडणीशी त्याचे नाते लगेच ओळखले. पुढे जे. जे. थॉमसनने १८८३ च्या ग्रंथात, एका वर्तुळावर किती भोवरे स्थिर राहू शकतात, याचे गणित केले.

आम्ही तांब्याचे घंगाळ घेतले. (स्टीलचे भांडे घेऊ नका, त्याला सुया चिकटण्याचा संभव असतो.) पहिला प्रयोग फसला. एक सुई मी उलट दिशेने घासली होती, ती बाकीच्यांच्या गळ्यातच पडली. चूक काढली ती निनादने. मग तीन सुयांचा त्रिकोण झाला, चारांचा चौकोन झाला. सहावी सुई सोडली, तेव्हा आम्ही दोघेही श्वास रोखून पाहत होतो. सहा सुयांचा षटकोन होईल, असे वाटले होते. तसे झाले नाही. एक सुई सावकाश मधे सरकली आणि पाच तिच्याभोवती उभ्या राहिल्या. गुरूचा दक्षिण ध्रुव आमच्या घंगाळात!

अर्थात गुरूवर लोहचुंबक कोणी धरलेला नाही. तिथे ओढण्याचे काम गिरकीचे तेच खाते करते. त्याच्यामुळे चक्रीवादळ ध्रुवाकडे सरकत जाते. आपल्याकडची चक्रीवादळे उत्तरेकडे झुकतात, त्यालाही हे एक कारण आहे. लोटण्याचे काम वादळे स्वतः करतात. प्रत्येकाभोवती उलट फिरणाऱ्या वाऱ्याचे एक कडे असते, आणि ते ढालीसारखे शेजाऱ्याला दूर ठेवते. ओढ आणि लोट जिथे समान, तिथे वादळ बसते. २०१९ च्या नोव्हेंबरात दक्षिणेकडच्या पंगतीत एक लहानसे सहावे वादळ शिरले. काही काळ पाचाचे सहा झाले. मग ते विरले आणि पंगत पुन्हा पाचाची झाली.

एवढे सगळे कळले म्हणजे कोडे संपले काय? नाही, आणि तेही निनादला सांगणे भाग होते. शनीच्या षटकोनाची मुळे किती खोल आहेत, यावर विद्वानांत एकमत नाही. २०१५ साली एका गटाने संगणकावर दाखवले की ढगांच्या उथळ थरातला झोतही असा षटकोन धरू शकतो. २०२० साली हार्वर्डच्या राकेश यादव आणि जेरेमी ब्लॉक्सहॅम यांनी दाखवले की, ग्रहाच्या पोटातून उकळ्या मारीत वर येणाऱ्या वायूमुळेही ध्रुवाभोवती कोनाकृती झोत तयार होतो. शिवाय शनीच्या दक्षिण ध्रुवावर भोवरा आहे, झोतही आहे, पण षटकोन नाही. दोन्ही डोकी एकाच ग्रहाची, टोपी एकालाच का, याचे सर्वमान्य उत्तर अजून मिळालेले नाही.

"मग त्या मोबाईलवाल्या काकांना काय सांगायचं?" निनादने विचारले.

मी म्हणालो, "सांग, आमच्याकडे घंगाळ आहे, रांगोळी आहे. तुमच्याकडे काय आहे?" आणि मग, थोड्या खालच्या आवाजात, आदल्या आठवड्यातले माझे ते वाक्य मागे घेतले. निसर्गाला पट्टी ठाऊक नाही, हे खरे. पण सरळ रेघ दिसली म्हणजे कुणाचा हात लागला, हे खरे नाही. अकरा वर्षांच्या मुलापुढे वाक्य मागे घेणे वाटते तितके अवघड नसते. तो फक्त "बरं" म्हणाला आणि जिलेटिनचा कागद कापू लागला.

वसुबारसेच्या संध्याकाळी कंदील टांगायला काढला, तेव्हा त्याने आणखी एक प्रश्न विचारला. "आजोबा, तो षटकोन आत्ता, या क्षणी, तिथे आहे?"

असणार. पण पाहायला तिथे आज कोणी नाही. कॅसिनीचे इंधन संपत आले, तेव्हा १५ सप्टेंबर २०१७ रोजी ते शनीच्याच ढगांत सोडण्यात आले. शनीभोवती आज एकही यान फिरत नाही. आणि २०२५ च्या मे महिन्यात सूर्य शनीच्या दक्षिण गोलार्धात गेला. उत्तर ध्रुवावर रात्र सुरू झाली आहे. ती सुमारे चौदा वर्षांची रात्र आहे. २०३९ च्या सुमारास तिथे पुन्हा ऊन येईल, आणि आपला षटकोन तसाच आहे की त्याचे कोपरे मोडले, हे उन्हात दिसेल.

"म्हणजे मी तेव्हा मोठा असेन," निनाद बोटांवर मोजत म्हणाला. "चोवीस-पंचवीस वर्षांचा. आणि तुम्ही?"

माझी सत्तरी उलटून बरीच वर्षे झाली. तो हिशेब मी त्याला करू दिला नाही. म्हटले, "तू बघ, आणि कळव."

त्याने काही उत्तर दिले नाही. आत गेला, पेन्सिलीने एका चिठोऱ्यावर काहीतरी लिहिले आणि उरलेल्या खळीने ते कंदिलाच्या एका बाजूला आतून चिकटवले. दिवा लावला, तेव्हा पिवळ्या कागदातून अक्षरे उमटली. उलटी होती, म्हणून वाचायला मला थोडा वेळ लागला. लिहिले होते, "२०३९. षटकोन बघणे. आजोबांना सांगणे."